जुना उपाय वापरण्याआधी: तो चालतो कशामुळे?

राख, चुना, साबणाचं पाणी, ऊन, हवाबंद डबा, शेणखत. यातल्या कशालाच फारसा खर्च नाही, आणि या सगळ्या गोष्टी खरोखर काम करतात. पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या उगीच नाही. पण ‘स्वस्त’ आणि ‘नैसर्गिक’ हे दोन शब्द कानावर पडले की ‘निरुपद्रवी’ हा तिसरा शब्द आपण आपल्या मनानेच जोडून टाकतो, आणि घोटाळा तिथे होतो. किडा मरतो, जंतू मरतात, बुरशी थांबते, म्हणजे त्या उपायात कुणाच्या तरी जिवावर उठणारं काहीतरी आहेच. ते काय आहे आणि आपल्यावर केव्हा उलटू शकतं, एवढं कळलं की उपाय बिनधास्त वापरता येतो.

पूर्वी हे उपाय शेजारी उभं राहून शिकले जायचे. शिकवणाऱ्याच्या हाताला प्रमाण ठाऊक असायचं, भांडं कोणतं घ्यायचं हे डोळ्यांना दिसायचं, पोरांना लांब हाकललेलं असायचं. आता तोच उपाय मोबाइलवर दोन ओळींत येतो. कृती पोचते आणि अटी वाटेतच गळतात. त्या अटी परत मिळवायला फार शास्त्र लागत नाही. हा उपाय चालतो कशामुळे, एवढं विचारलं की बऱ्याच अटी आपसूक समोर येतात.

हवा काढून घेतली की

धान्य हवाबंद डब्यात ठेवण्याची पद्धत घ्या. डबा खरोखर हवाबंद असेल आणि गळ्यापर्यंत भरलेला असेल, तर आतले किडे आणि खुद्द धान्यही श्वास घेऊन घेऊन ऑक्सिजन संपवत आणतात. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो. डब्यात तो ५ टक्क्यांच्या खाली उतरला की किडे खायचे थांबतात आणि पुढच्या काही आठवड्यांत मरतात. कुठली गोळी नको, की पावडर नको. मात्र डबा सारखा उघडला तर सगळं फुकट. रोज लागणारं धान्य वेगळ्या लहान डब्यात काढून ठेवायचं. आणि धान्य आधीच खडखडीत वाळलेलं हवं. हवाबंद डबा किडीला कोंडतो तसा ओलाव्यालाही कोंडतो.

धान्य वाळलं की नाही हे दाताखाली धरून बघतात, तो अंदाज सरावाने बरा येतो. सराव नसेल तर मिठाची परीक्षा सोपी आहे. कोरडी, स्वच्छ काचेची बाटली घ्यायची. तिच्यात पाव बाटली धान्य आणि दोन-तीन चमचे मीठ घालायचं. मीठ आधी तापवून कोरडं करून पूर्ण गार केलेलं हवं, नाहीतर मिठाचाच ओलावा फसवतो. झाकण लावून एक-दोन मिनिटं खळखळून हलवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं बाटली तशीच ठेवायची. काचेला मीठ चिकटून राहिलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे. चिकटलं नाही तर त्याहून कमी. पण जास्त दिवसांच्या साठवणीला १२-१३ टक्केच ओलावा लागतो, म्हणून परीक्षेत पास झालेल्या धान्यालाही आणखी एखादं कडक ऊन देणं चांगलं. हा आळस करू नये असं मी म्हणतो, कारण ओलसर धान्यावर वाढणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृतावर परिणाम करतं, आणि शिजवून, भाजून ते जात नाही. बुरसटलेलं धान्य जनावरांना घातलं तर ते दुधातून परत आपल्याकडेच येतं.

आता हेच तत्त्व मोठ्या जागेत बघा. जमिनीखालचं धान्याचं पेव, बंद कोठार, वापरात नसलेली विहीर, शेणाची बंद टाकी. इथेही कुणीतरी, म्हणजे धान्य, जंतू किंवा कुजणारा पाला, ऑक्सिजन संपवत असतं. ज्या हवेत किडे मरतात तिच्यात माणूसही मरतो, आणि किड्यापेक्षा फार लवकर. ऑक्सिजन १० टक्क्यांच्या खाली असेल तर माणसाला गुदमरल्यासारखंसुद्धा वाटत नाही. काही कळायच्या आत शुद्ध जाते. मग दुसरा त्याला काढायला उतरतो, त्याच्यामागे तिसरा. अशा दुर्घटनांमध्ये वाचवायला गेलेलेच बऱ्याचदा दगावतात.

आधी कंदील किंवा पेटती मेणबत्ती सोडून बघायची जुनी युक्ती अनेकांना माहीत असते. ती चालते कशामुळे? ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते. म्हणजे ज्योत विझली तर उतरू नये हे नक्की. पण ज्योत जळत राहिली म्हणून उतरावं, असा उलटा अर्थ मात्र निघत नाही. विषारी वायूने ज्योत विझत नाही. शेणाच्या टाकीत, गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. शिवाय तिथे मिथेनही असेल तर ज्योतच स्फोटाला कारण ठरते. ही एक जुनी युक्ती मात्र मी सरळ सोडून द्यायला सांगेन. अशा जागेत उतरणं हे वायू मोजायचं यंत्र, पंख्याने खेळवलेली हवा आणि वर दोर धरून उभी माणसं असलेल्यांचं काम आहे. आत कुणी पडलंच तर वरून हवा सोडायची, अग्निशमन दलाला बोलवायचं आणि दुसऱ्या कुणाला उतरू द्यायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, समोर आपलं माणूस पडलेलं असताना पाळणं फार अवघड. म्हणून हे आधीच ठरलेलं असावं.

हवा नसण्याचा तिसरा परिणाम स्वयंपाकघरात दिसतो आणि तो सगळ्यात अनपेक्षित आहे. कच्चा लसूण तेलात बुडवून बाटली भरून ठेवायची, टिकतो, असं सांगतात. तेलामुळे हवा लागत नाही, म्हणून नेहमीची बुरशी येत नाही, हे बरोबर. पण क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू हवा नसेल तिथेच वाढतो. त्याचे बीजाणू मातीत सगळीकडे असतात, लसणाबरोबर येतात, आणि साध्या उकळीने मरत नाहीत; त्यासाठी दाबाखाली १२१ अंश लागतात. लसणात आंबटपणा जवळजवळ नाही, वर तेलाचं झाकण, खोलीची ऊब. त्याला हवं ते सगळं एका बाटलीत. त्याचं विष मज्जातंतू बधिर करतं. धूसर दिसणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, मग श्वासाचे स्नायू. बाटलीला वासही येत नाही, चवही बदलत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तेलातल्या लसणामुळे बोट्युलिझमची, म्हणजे याच विषबाधेची, मोठी साथ आली होती, आणि ती बाटली कारखान्यात तयार झालेली होती.

उपाय सोपा आहे. हा जंतू आम्लात वाढत नाही, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त) ४.६ च्या खाली असेल तर त्याचं काही चालत नाही. म्हणून पुरेशा आंबट लोणच्यात तो त्रास देत नाही. आंबटपणा नसेल तर लसणाचं तेल थोडंच करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि चार दिवसांत संपवायचं. मध एक वर्षाखालच्या बाळाला चाटवू नये असं डॉक्टर सांगतात तेही याच जंतूमुळे: मधात बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात त्यांना रोखणारे इतर जंतू अजून पुरेसे वसलेले नसतात. मोठ्यांना त्याच मधाने काही होत नाही.

चुना, मोरचूद आणि राख

बोर्डो मिश्रण हा बुरशीवरचा बहुधा सगळ्यात प्रसिद्ध जुना उपाय, आणि त्याची सुरुवात चोर पळवण्यासाठी झाली. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचा निळसर लेप मारत. १८८२ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा (पानांवरचा एक बुरशीरोग) नाही. १८८५ मध्ये त्यांनी पद्धत प्रसिद्ध केली.

यात बुरशी मारतं ते मोरचुदातलं तांबं. चुन्याचं काम वेगळंच: मोरचुदाचं द्रावण आम्लधर्मी असतं, ते एकटं मारलं तर पानं करपतात. चुना ते आम्ल मारतो आणि तांबं पानावर हळूहळू सुटेल अशा रूपात बांधून ठेवतो. हे समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळायचं. लोखंडी भांडं नको, कारण लोखंड द्रावणातलं तांबं ओढून घेतं.

आणि याच खोडीचा उपयोग परीक्षेसाठी करतात. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा चाकूचं पातं तयार मिश्रणात थोडा वेळ बुडवायचं. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर अजून सुटं तांबं शिल्लक आहे, चुना कमी पडला. थोडी चुन्याची निवळी घालायची, ढवळायचं, खिळा पुन्हा घासून पुन्हा बुडवायचा. तो जसाच्या तसा बाहेर आला की मिश्रण फवारायला तयार. ते त्याच दिवशी संपवायचं. शिळं मिश्रण तळाशी बसतं आणि पानाला नीट धरत नाही.

धोका दोन ठिकाणी आहे. पहिला चुना विरवताना. कळीचा चुना पाण्यात पडला की पाणी उकळायला लागेल इतकी उष्णता निघते. म्हणून चुना थोडा थोडा करून पाण्यात सोडायचा, चुन्याच्या ढिगावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं की उकळता चिखल तोंडावर उडतो. डोळ्यांवर गॉगल हवाच. चुना अल्कधर्मी असतो आणि अल्क डोळ्यात आम्लापेक्षाही खोल शिरतं. उडालाच तर डोळा उघडा धरून वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धुवायचा आणि मग डॉक्टरकडे. धुणं आधी, प्रवास नंतर. ‘चुन्यावर आंबट चोळा, उतारा पडेल’ असला सल्ला डोळ्यासाठी तर अजिबात ऐकू नये.

दुसरा धोका सावकाश येतो. तांबं कुजत नाही, ते मातीत साठत जातं, गांडुळांना आणि वाहून गेलं तर माशांना त्रास देतं. हिशोब करून बघा. १ किलो मोरचुदात पाव किलो तांबं. हेक्टरी १००० लिटर मिश्रण मारलं तर एका फवारणीत अडीच किलो. युरोपीय संघाने तांब्याला ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलोची मर्यादा घातली आहे. दुसऱ्याच फवारणीत ती ओलांडली जाते. सेंद्रिय शेतीत चालतं म्हणून कितीही मारावं, असं या मिश्रणाबाबत नाही.

राख ही चुन्याचीच सौम्य भावंड. धान्यात ती मिसळतात तेव्हा तिची बारीक पूड किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते आणि किडा सुकून मरतो. म्हणून चाळलेली, कोरडी राखच चालते. ओली झाली की संपलं. भांडी घासायला ती चालते कारण ती अल्कधर्मी आहे आणि तेलाचा साबण करते, पण त्याच कारणाने ओली राख हातांची सालपटं काढते. झाडांना पालाश मिळतं, मात्र जमीन आधीच चोपण, अल्कधर्मी असेल तर राख टाकून नुकसानच. ताज्या शेणखतात किंवा अमोनियाच्या खतात मिसळली तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. नाकाला झोंबेल तो तुमच्या खताचा पैसा. रंगवलेल्या, औषध लावलेल्या लाकडाची, प्लायवूडची राख कुठेच वापरू नये. त्यात आर्सेनिक, शिसं असू शकतं आणि जाळल्याने ते नाहीसं होत नाही. आणि वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन-चार दिवससुद्धा जिवंत राहतो, तेव्हा ती आधी झाकणाच्या धातूच्या बादलीत.

झाडपाल्याचं औषध

झाड पळून जाऊ शकत नाही, म्हणून ते विष बनवतं. निकोटीन हे तंबाखूच्या झाडाचं कीटकनाशकच आहे. ते किड्याच्या मज्जासंस्थेत जिथे जाऊन बसतं तशाच जागा माणसाच्या मज्जासंस्थेतही आहेत, आणि ते ओल्या त्वचेतून आत शिरतं. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, त्या आजाराला वेगळं नावच आहे. असं असताना तंबाखूचा काढा उघड्या हाताने ढवळायचा आणि पाठीवरच्या गळक्या पंपाने फवारायचा, हे रासायनिक औषधाइतकंच धोक्याचं. मधमाश्याही मरतात. वर आणखी एक: वाळलेल्या तंबाखूतही मोझॅक विषाणू टिकून असतो आणि टोमॅटो, मिरची त्याच कुळातली. किडीचं औषध म्हणून रोगच फवारला जाऊ शकतो. माझ्या मते हा उपाय वापरण्याचं आज काही कारण नाही.

निंबोळी अर्काची गोष्ट वेगळी. त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्याची भूक आणि कात टाकणं बिघडवतं, लगेच मारत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी किडे दिसले की ‘उपयोग नाही’ म्हणून तीव्रता दुप्पट करू नये. उन्हात ते दोन-चार दिवसांत विघटित होतं, तेव्हा फवारणी संध्याकाळी. त्वचेला सहसा त्रास नाही, पण तेल पोटात देण्याचा प्रयोग लहान मुलांवर कधीच करू नये. त्याने उलट्या आणि झटके आल्याच्या नोंदी आहेत.

साबणाच्या पाण्याने मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) मरतो तो अंगावरचा मेणचट थर विरघळून. थेंब अंगाला लागला तरच. वाळलेला साबण काही करत नाही, त्यामुळे पानांच्या खालच्या बाजूला फवारा पोचवणं महत्त्वाचं. लिटरला १० ते २० मिली साधा द्रव साबण पुरे. पानावरही मेणाचा थर असतो आणि जास्त साबण तोही धुऊन काढतो. कपड्यांची पावडर नको. दोन-चार पानांवर मारून दोन दिवस वाट बघायची, मग सगळ्या झाडांवर.

खत आणि पाणी: वेळ पुरी भरू द्या

ताज्या शेणातले रोगजंतू मारायला उष्णता आणि काळ, या दोनच गोष्टी लागतात. ढीग नीट रचला तर आतलं तापमान ५५ अंशांवर जातं. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत उघड्या राशीला असे १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ सांगितली आहे, कारण बाहेरची कड तापतच नाही. ती आत गेली पाहिजे. न कुजलेलं शेणखत घालायचंच असेल तर, फळ किंवा पान मातीला टेकणारं पीक काढण्याआधी त्याच नियमांत १२० दिवसांचं अंतर आहे, न टेकणाऱ्याला ९०. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीला हा हिशोब खरंच पाळावा. खत बाहेरून आणत असाल तर चार कुंड्यांत घेवड्याचं बी लावून तीन आठवडे बघा. काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कुजण्यातूनही तशीच पार होतात. कोंब वाकडे, पानं वाटीसारखी मुडपलेली आली तर ते खत बागेत नको.

पाण्याबाबत एक अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या गावांत, जुनी सुती साडी किमान चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळायला सांगितलं. २००३ मध्ये निष्कर्ष आले, कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झालं. जंतू कापडाच्या भोकांपेक्षा कितीतरी लहान असतात, मग हे कसं? कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात, आणि ते प्राणी कापडात अडकतात. जुनी साडी नवीपेक्षा सरस, कारण धुऊन धुऊन धागे सुटतात, तंतू पसरतात आणि भोकं बारीक होतात. पण जे जंतू मोकळे पोहतात ते पार होतातच. त्यामुळे गाळणं ही पहिली पायरी, उकळी किंवा ऊन ही दुसरी.

उकळी खळखळून एक मिनिट पुरते. २००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं. इंधन नसेल तर दोन लिटरपर्यंतची पारदर्शक, चरे न पडलेली पेट बाटली आडवी करून सहा तास कडक उन्हात, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. काम करतात ते अतिनील किरण, आणि ते गढूळ पाण्यात शिरत नाहीत: भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करून वरून बघा, अक्षरं वाचता आली नाहीत तर आधी पाणी गाळा. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट यांच्यावर यातलं काहीच चालत नाही. उकळून तर पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं, जे लहान बाळाला विशेष वाईट.

सफाईचं थोडक्यात: ब्लीच कशातच मिसळायचं नाही. आम्लात (व्हिनेगर, संडास साफ करायचं द्रव) मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनियात किंवा साठलेल्या लघवीत मिसळलं की क्लोरामाइन; दोन्ही विषारी. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र फेसाळतात ते बघायला छान, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ नुसतं पाणी. बंद बाटलीत केलं तर बाटली फुटते.

आणि या कुठल्याही गोष्टी पिण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. ज्या डब्यात भराल त्यावर नाव, तीव्रता आणि तारीख लिहा, डबा मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, शक्यतो कुलपात. कुणी रॉकेल, चुना किंवा ब्लीच प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची जुनी सवय इथे घातक ठरते: चुना आणि ब्लीच वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतात, रॉकेल फुप्फुसात उतरतं, आणि एवढं मीठ लहान मुलाला स्वतःच विषासारखं असतं. तोंड पाण्याने पुसायचं, ताबडतोब दवाखाना गाठायचा आणि तो डबा सोबत न्यायचा.